सोमवारी निघालेला होकार

२००५ साल. मी तेव्हा एकसष्ट वर्षांचा होतो. गुडघे सत्तरीला पोचले होते आणि तोंड अजून तिशीतच होतं. त्या वर्षी आमच्या मंडळानं पत्रं पोस्टात टाकणं बंद केलं, आणि त्यापायी माझ्या धाकट्या मुलीचं जुळत आलेलं लग्न पाच दिवस एका डब्यात अडकून पडलं. डबा म्हणजे कॉम्प्युटर. मी त्याला डबाच म्हणतो. त्यानं आमच्याशी जे केलं त्यानंतर त्याला मानानं हाक मारायची माझी इच्छा नाही.

आधी माझी ओळख सांगतो. मी चौथी पास. पाचवीला दोनदा बसलो, दोन्ही वेळा मास्तरांना मला शिकवता आलं नाही. बडोद्याबाहेर एका कारखान्याच्या पंपघरात चौतीस वर्षं काढली. कारखान्याला आणि त्याच्या कॉलनीला पाणी चढवायचं, हे काम. पंपघरात दोन पंप होते. एक रोजचा, दुसरा स्टँडबाय. रोजचा बसला तर दुसरा लावायचा. मी नवीन होतो तेव्हा साहेबाचा हुकूम होता की दुसऱ्याला हात लावायचा नाही, झिजेल. त्यामुळे तो ताडपत्रीखाली झाकून ठेवलेला. दसऱ्याला ताडपत्री वर करून त्याला हार घालायचा आणि पुन्हा झाकायचा.

एका मे महिन्यात रोजच्या पंपाची मोटर जळाली. मी मोठ्या ऐटीत ताडपत्री ओढली आणि बटण दाबलं. पंप नुसता घुरघुरला. आत गंज धरून शाफ्ट जाम झालेला. दोन दिवस कॉलनी कोरडी राहिली. बायका रिकाम्या बादल्या घेऊन पंपघरावर आल्या. त्या दिवशी त्यांनी मला जे ऐकवलं ते अजून शब्दन् शब्द पाठ आहे, इथे लिहिण्यासारखं नाही. त्यानंतर साहेबाला न विचारता मी एक नियम केला. दर गुरुवारी रोजचा पंप बंद करायचा आणि दिवसभर दुसरा चालवायचा. निवृत्त होईपर्यंत एक गुरुवार चुकला नाही. आयुष्यात मी एवढी एकच विद्या शिकलो. ती कॉलेजात शिकवत नाहीत हे मला पुढे कळलं.

निवृत्तीनंतर मी आमच्या मराठी मंडळाच्या वधूवर विभागात जाऊ लागलो. मंडळाची खोली दांडिया बाजारात, एक अंधारा जिना चढून वर. बडोद्यातल्या लग्नाच्या मराठी मुलामुलींची यादी दर महिन्याला इंदूर, ग्वाल्हेर, पुणे, नागपूर अशा ठिकाणी सहाशे पत्त्यांवर जायची. पाकिटं चिकटवणं, तिकिटं लावणं, पिशवी खांद्यावर मारून पोस्टात नेणं हे माझ्याकडे होतं. होकाराचं पत्र असलं की मी ते रजिस्टर करायचो आणि पोचपावती परत येईपर्यंत रोज पोस्टमनला जिन्यात गाठायचो. पावती हातात आल्याशिवाय पत्र पोचलं असं मी कधी म्हटलं नाही.

नकाराची पत्रं नसायचीच. आपल्या लोकांत नकार लिहून देत नाहीत, गप्प बसतात. आठ-दहा दिवस गप्प बसले की समोरच्यानं समजून घ्यायचं आणि फोटो-पत्रिका परत मागवायची. याला आपण सभ्यता म्हणतो.

आणखी एक नियम होता, अकरावा. दोन्हीकडचा लेखी होकार मंडळामार्फत पोचल्याशिवाय मुलीकडच्यांनी किंवा मुलाकडच्यांनी एकमेकांना थेट फोन करायचा नाही, पत्र लिहायचं नाही. केलं तर नाव यादीतून काढायचं. हा नियम मी सुचवलेला. एका मुलीच्या बापानं परस्पर नागपूरला फोन केला, तिकडे मुलाच्या आत्यानं उचलला, आणि देण्याघेण्यावरून अशी जुंपली की दोन्ही गावच्या मंडळांची बोलाचाली बंद झाली. तेव्हा मी सभेत टेबलावर हात आपटून नियम करून घेतला. वर त्या बापाचं नावही काढायला लावलं. बिचारा जिना उतरताना माझ्याकडे बघत होता. मी छाती काढून उभा होतो.

मंडळाचे अध्यक्ष एक निवृत्त प्राध्यापक. बडोद्यातच अकोट्याला राहायचे, सगळे त्यांना सर म्हणत. त्यांचे पणजोबा संस्थानच्या कचेरीत कारभार लिहीत, आणि माझे पणजोबा तसल्याच एका कचेरीच्या दारात भाला धरून उभे असत. संस्थान जाऊन माझं अख्खं आयुष्य झालं, पण सरांना मी अजून दारातच उभा दिसायचो. मला ते ‘सरदार’ म्हणायचे. पणजोबा सरदार नव्हते, साधे शिपाई होते, हे सरांना पक्कं माहीत होतं. म्हणूनच म्हणायचे.

तर या सरांचे जावई कॉम्प्युटरमधले. त्यांनी सासऱ्यांच्या डोक्यात भरवलं की सहाशे पाकिटं चिकटवणं हा रानटीपणा आहे. मंडळानं डबा घेतला, ब्रॉडबँडची वायर आली, आणि जावईबापूंनी मंडळाच्या नावाचा मेल मंडळाच्याच डब्यावरून निघेल असं काहीतरी बसवलं. डबा रात्रंदिवस चालू ठेवायचा असा त्यांचा हुकूम. माझी पोस्टाची पिशवी खिळ्याला लागली.

पहिल्या महिन्याची यादी डब्यातून गेली आणि आठवड्याभरात तक्रारी सुरू झाल्या. निम्म्याहून जास्त लोकांना ती मिळालीच नव्हती. जावईबापूंना बोलावलं. जावई येणार म्हणून गादीची खुर्ची पुसली गेली, समोरून सेवउसळ मागवली गेली. जावयाला काम सांगता येतं, पण काम नीट झालं का असं विचारता येत नाही, ही आमच्या मंडळाची खरी घटना आहे. छापलेली वेगळी.

“काका, मोठे मेलवाले घरगुती लाइनवरून आलेली पत्रं घेत नाहीत,” ते उसळीत पाव बुडवत म्हणाले. “त्यांना वाटतं, हा कोण उपटसुंभ? ओळख ना पाळख, जाहिराती फेकत असेल. दारातूनच हाकलतात.”

“मग करायचं काय?”

“मध्ये रिले टाकायचा. आपलं पत्र आधी ब्रॉडबँडवाल्यांच्या सर्व्हरकडे द्यायचं. त्याला सगळे ओळखतात. तो पुढे पोचवतो.”

हे मला लगेच समजलं. सरळ गेलं तर दार उघडत नाहीत, म्हणून वजनदार मध्यस्थ घालायचा. लग्नं जुळवणाऱ्या मंडळाला ही अक्कल डब्याकडून यावी, याचं फक्त नवल वाटलं.

“आणि हा मधला बसला तर?” मी विचारलं.

“बॅकअप रिले आहे ने काका! दुसऱ्या एका कंपनीत फुकट खातं उघडलंय. पहिल्यानं पत्र घेतलं नाही की आपोआप दुसऱ्याकडे जाणार. कोणी बटणसुद्धा दाबायचं नाही.”

“दोन्हींनी नाही घेतलं तर?”

“तर पत्र रांगेत थांबतं. डबा पाच दिवस पुन्हा पुन्हा प्रयत्न करतो. नाहीच जमलं तर परत येतं.”

“कोणाकडे?”

“पोस्टमास्टर नावाच्या खात्यात. सरांच्या पेटीत कचरा नको म्हणून मी सगळं परत आलेलं तिकडे वळवलंय.”

“हा पोस्टमास्टर कोण?”

“कोणी नाही काका. नुसतं खातं आहे.”

म्हणजे न पोचलेली पत्रं अशा पोस्टमास्तरकडे जाणार जो जन्मालाच आलेला नाही. मी आजूबाजूला बघितलं. कमिटीची सात माणसं माना हलवत होती.

“बरं, दुसरा चालवून बघितला?”

“सेट केलाय.”

“सेट केला ते कळलं. चालवला का?”

“गरज नाही पडली काका.”

“गरज पडल्यावर चालतो का, हे गरज पडायच्या आधी बघायचं असतं. आत्ता पहिला बंद करा, दुसऱ्यानं एक पत्र पाठवा. हवं तर मलाच पाठवा, मी मुलीकडून वाचून घेईन.”

जावईबापूंनी सासऱ्यांकडे बघितलं. सर हसले. “सरदार, हे पाणी नव्हे. याला गंज लागत नाही.”

सगळे हसले. खजिनदार तर इतके हसले की उसळीचा ठसका लागला. मी गप्प बसलो. गप्प बसायला मला फार त्रास होतो, म्हणून तो दिवस लक्षात आहे.

आता मुलीचं. थोरली दोन वर्षांपूर्वी सुरतेला दिलेली. धाकटी अठ्ठावीस वर्षांची, एका लॅबमध्ये रक्त तपासायची. बाहेर गुजराती बोलायची, फोनवर इंग्रजी, आणि माझ्यावर चिडली की शुद्ध मराठी. त्यामुळे तिचं मराठी चांगलं राहिलं. पाच स्थळं येऊन गेली होती. पाचही वेळा ती पोह्यांची बशी ठेवून आत जायची आणि पुढे काय झालं ते कधी विचारायची नाही. सहावं स्थळ इंदूरचं. मुलगा औषधांच्या कारखान्यात, वडील निवृत्त हेडमास्तर. गोत्री भागातल्या आमच्या घरी येऊन बसले. मुलगा तिच्याशी गॅलरीत अर्धा तास बोलला आणि तिकडून तिच्या हसण्याचा आवाज आला. बायको माझ्याकडे बघून म्हणाली, “अहो, ऐकलंत?” मी ऐकलं होतं. आमच्या घरात असं हसणं बऱ्याच दिवसांत झालं नव्हतं.

त्यांचा होकार इंदूरच्या मंडळाकडून शुक्रवारी आला. खाली लिहिलं होतं की आपलं उत्तर येत्या रविवारच्या पुढच्या रविवारपर्यंत कळवावं, कारण त्या दिवशी दुपारी आणखी एक कुटुंब येणार आहे. कळवलंत तर त्यांना थांबवू. सरळ माणसं होती. मी मुलीला विचारलं, “काय?” ती म्हणाली, “ठीक आहे.” आमच्याकडे यापेक्षा जास्त होकार देत नाहीत.

सोमवारी सकाळी मी दांडिया बाजारात गेलो. “सर, होकार लिहा. आणि मी म्हणतो, एक प्रत रजिस्टरनं टाकतो.”

“सरदार, तुमचा जीव त्या तिकिटांत अडकलाय,” सर म्हणाले. “हे बघा.” त्यांनी एका बोटानं पत्र टाइप केलं. चार ओळींना वीस मिनिटं लागली. मग बटण दाबलं. पडद्यावर काहीतरी उमटलं. “सेंट. म्हणजे गेलं. तुम्ही जिना उतरायच्या आत इंदूरला पोचलेलं असेल.”

मी जिना उतरलो, आणि खिळ्यावरची पिशवी काढली नाही. ही माझी चूक. हसतील म्हणून भ्यालो. चौतीस वर्षं साहेबाला भ्यालो नाही, पण उसळ खाणाऱ्या सात माणसांना भ्यालो.

मंगळवारी संध्याकाळी मुलगी लॅबमधून आली, चपला काढता काढता म्हणाली, “काही आलं?” मी म्हटलं, “येईल.” बुधवारी पुन्हा विचारलं. पाच स्थळांत एकदाही न विचारणारी मुलगी. गुरुवारी तिनं विचारलं नाही, नुसतं बघितलं.

शुक्रवारी जेवताना म्हणाली, “बाबा, मी फोन करते ने त्याला. नंबर आहे माझ्याकडे.”

“कुठून आला?”

“त्यानं दिला. गॅलरीत. माझा पण घेतलाय.”

“मग त्यानं का नाही केला?”

“तुमच्या नियमामुळे! तेच सांगितलंय त्याच्या वडिलांनी. बडोद्याच्या मंडळाचा नियम आहे, तिकडून होकार आल्याशिवाय फोन करायचा नाही.”

“बरोबरच आहे,” मी म्हटलं. “आणि आपला होकार सोमवारी पोचलाय. आता पुढचं त्यांनी बोलायचं. मुलीकडच्यांनी मागे लागायचं म्हणजे काय? आपण काय ओवाळून टाकलेले आहोत?”

बायको म्हणाली, “अहो, एक फोन केल्यानं काय नाक कापलं जाणार आहे?”

“कापलं जाईल,” मी म्हटलं. “माझं आहे, मला माहीत आहे.”

मुलगी ताटावरून उठली. मी तिला ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं इंदूरकरांना शिव्या घातल्या. हेडमास्तर असेल नाहीतर कलेक्टर. गप्प बसला म्हणजे नकार. जास्त चांगलं स्थळ दिसलं असेल. आम्ही शिपायाच्या वंशातले, त्यांना कोणी कारकुनाच्या वंशातलं मिळालं असेल. रात्रभर मी हेच स्वतःला सांगितलं आणि सकाळपर्यंत ते मला पूर्ण पटलं.

शनिवारी दुपारी मी मुलीला म्हटलं, “चल, तुझा फोटो परत मागवून घेऊ. उद्या त्यांच्याकडे दुसरी माणसं यायच्या आत आपला फोटो आपल्या घरी हवा.” तिनं स्कूटीची किल्ली घेतली. विश्वामित्रीच्या पुलावर मी मागून एकदा म्हटलं, “हळू चालव.” ती तशीही हळूच चालवत होती.

सर खोलीत होते. मी म्हटलं, “इंदूरला लिहा, फोटो पाठवा परत.”

सरांनी मान हलवली. “मला वाटलंच. अहो सरदार, नकार असाच कळवतात. समजून घ्यायचं.” मग ते त्या स्थळाची फाइल शोधायला कपाटात शिरले.

मुलगी डब्यासमोर बसली. तिच्या लॅबमध्ये असले डबे होते, तिला सवय होती. “सर, मेलचं बघू का जरा?” सर कपाटातूनच म्हणाले, “बघ ना बेटा, सेंटमध्ये दिसेल.” दिसत होतंच. मग तिनं आणखी काहीतरी उघडलं आणि एकदम ताठ बसली.

“बाबा, हे पोस्टमास्टर कोण?”

“कोणी नाही,” मी म्हटलं. “नुसतं खातं आहे.” आणि हे म्हणता म्हणता मी तिच्या मागे जाऊन पडद्यावर वाकलो.

त्या खात्यात सहाशेच्या वर पत्रं होती. सगळी परत आलेली, सगळी त्याच दिवशी सकाळी. तिनं मला वाचून दाखवलं आणि मराठीत सांगितलं. सोमवारी सकाळी सरांनी आधी महिन्याची यादी सोडली होती, एका दमात सहाशे. ब्रॉडबँडवाल्यांच्या सर्व्हरला वाटलं, हे जाहिरातवाले. त्यानं मंडळाचं दार लावून टाकलं. मग ठरल्याप्रमाणे सगळं आपोआप दुसऱ्या रिलेकडे गेलं, कोणी बटणसुद्धा न दाबता. आणि दुसऱ्यानं दर वेळी एकच उत्तर दिलं: हे खातं उघडल्यापासून एकदाही वापरलेलं नाही, सबब बंद करण्यात आलं आहे.

मी तिला ते वाक्य पुन्हा वाचायला सांगितलं. मग तिसऱ्यांदा. सर कपाटातून बाहेर येऊन हातात माझ्या मुलीची फाइल घेऊन उभे होते.

“सर,” मी म्हटलं, “याला गंज लागत नाही म्हणालात?”

सर खाली बसले. पडद्याकडे बघू लागले. मला वाटलं, आता माझ्या मुलीबद्दल काहीतरी बोलतील. ते म्हणाले, “म्हणजे माझं मनोगतही गेलं नाही?”

दर यादीच्या वर सरांचं पानभर मनोगत असायचं. ते पाच दिवस सहाशे घरी गेलं नव्हतं आणि सहाशेतल्या एकानंही विचारलं नव्हतं. मी ते बोललो नाही. तेव्हा बोललो नाही. नंतर वर्षभर बोललो.

सहाशे याद्यांच्या मागे रांगेत माझ्या मुलीचा होकार होता. पाच दिवस उभा राहून सकाळी परत आला होता, आणि इंदूरचे हेडमास्तर तिकडे बसून बडोदेकरांची सभ्यता समजून घेत होते.

जावईबापूंना फोन गेला. तासाभरात आले. या वेळी मी गादीच्या खुर्चीत आधीच बसलो होतो आणि उठलो नाही.

“थिअरीमध्ये हे व्हायला नको होतं काका.”

“थिअरीत माझी मुलगी आत्ता साखरपुड्याची साडी बघतेय.”

“अहो सरदार, जावई आहेत ते,” सर हळूच म्हणाले.

“तुमचे,” मी म्हटलं. “माझा जावई इंदूरला आहे. होता. तेच बघायला आलोय.”

जावईबापूंनी मान खाली घातली आणि कामाला लागले. माणूस वाईट नव्हता, त्याला कोणी कधी प्रश्न विचारला नव्हता एवढंच. त्यांनी दुसरं खातं नव्यानं उघडलं. मी म्हटलं, आता पहिला बंद करा. त्यांनी केला. एक पत्र माझ्या मुलीच्या खात्यावर पाठवा. पाठवलं. ती शेजारच्या सायबर कॅफेत जाऊन बघून आली, आलं होतं. आता पहिला चालू, दुसरा बंद. तेही बघितलं. पहिल्याचं दार अजून बंदच होतं. ब्रॉडबँडवाल्यांना फोन करून जावईबापूंनी ते उघडून घेतलं आणि यादी यापुढे थोडी थोडी करून पाठवायची असं ठरलं. आणि पोस्टमास्टरचं खातं रोज कोणीतरी उघडून बघायचं. कोणी, ते ठरेना. मी म्हटलं, “मी बघीन. मला वाचता येत नाही तिथे मुलीला विचारीन. आणि दर गुरुवारी दुसरा चालणार.” कोणी हसलं नाही.

मग सरांनी होकार पुन्हा पाठवला. जावईबापू पडद्याकडे बोट दाखवून ओरडले, “घेतलं! त्यांच्या सर्व्हरनं घेतलं. पोचलं काका!”

“कुठे पोचलं?”

“इंदूरच्या मंडळाच्या पेटीत.”

“आणि ती पेटी उघडणार कोण?”

आता सरांचा चेहरा पडला. “त्यांचं कार्यालय शनिवारी दुपारी बंद होतं. रविवारी सुटी. सोमवारी उघडतील.”

रविवारी दुपारी दुसरी माणसं येणार होती.

मुलगी दारात उभी होती, किल्ली हातात. माझ्याकडे बघत होती. मी सरांकडे बघितलं. सर चष्मा पुसत होते. पुसून झाल्यावर म्हणाले, “फोनचं म्हणाल तर, नियम अकरा. तुमचाच आहे. यादीतून नाव काढावं लागेल, एकदा आपण काढलेलं आहे.”

ते मला जिना उतरणाऱ्या त्या बापाची आठवण करून देत होते, आणि ती बरोबर लागली. मी उठलो.

परतताना आम्ही पुलावर आलो. ती समोर बघतच म्हणाली, “पंप दर गुरुवारी चालवून बघायचात. मला एकदा तरी विचारून बघितलंत, हा मुलगा हवाय का?”

शुद्ध मराठीत म्हणाली. मी मागे बसून स्कूटीचा दांडा घट्ट धरला. विचारलं होतं, “काय?” असं. ते विचारणं नव्हे, एवढं मलाही कळत होतं.

घरी आलो. इंदूरला फोन करायचा हे माझं ठरलं होतं, पण बायको आणि मुलीच्या समोर करायचा नाही, हेही ठरलं होतं. वाकायचंच असेल तर कोणी बघत नसताना वाकावं. सकाळी लवकर नाक्यावरच्या बूथवर जायचं, परत येऊन दुधाची पिशवी आत ठेवायची, कोणाला कळायचं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता मी चिठ्ठीवर हेडमास्तरांचा नंबर घेऊन नाक्यावर गेलो. बूथचा फोन उचलला, मेलेला. दुकानदार म्हणाला, “दादा, काले सांजथी बंद छे.” पुढच्या सोसायटीबाहेर आणखी एक बूथ होता. गुडघे ओढत तिथे गेलो. कुलूप. रविवार, नऊला उघडतो. मी तिथे कुलपाकडे बघत थोडा वेळ उभा राहिलो. मग परत फिरलो, दूध न घेता.

मुलगी ओट्याशी चहा गाळत होती. बायको शेजारी उभी. दोघींनी माझ्याकडे बघितलं.

“दे तो मोबाइल,” मी म्हटलं.

तिनं विचारलं नाही कशाला. चिठ्ठीवरचा नंबर लावून मोबाइल माझ्या कानाला धरला, कारण तो कुठल्या बाजूनं धरायचा ते मला माहीत नव्हतं. पलीकडे घंटी वाजली, मग एका वयस्क माणसाचा आवाज आला.

मी म्हटलं, “बडोद्याहून बोलतोय. मुलीचा बाप. आमचा होकार सोमवारीच निघालाय, वाटेत अडकला. म्हणून मी तोंडानं सांगतोय. आम्हाला मुलगा पसंत आहे. मुलीलाही आहे.” हे शेवटचं मी तिच्याकडे बघून म्हटलं, विचारल्यासारखं. तिनं गाळणी हातात धरून मान हलवली.

 हेडमास्तर म्हणाले, “अहो, आम्ही समजलो तुमचा नकार. तुमच्या मुलीचा फोटो परत पाठवायला इथे पाकिटात घालून ठेवलाय.”

मी म्हटलं, “काढा बाहेर.”